अध्यात्मरसिक कविवर बनारसीदास

जैन शास्त्रांचे लेखन, जतन आणि विवेचन हे कार्य प्रामुख्याने आचार्य, मुनी व भट्टारक यांनी केले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तथापि या परंपरेत काही गृहस्थ श्रावक असेही होऊन गेले, की ज्यांनी पेढीवर बसून, उधारी-वसुलीच्या कटकटी सोसून आणि संसाराचे आघात झेलत शास्त्राच्या गाभ्याला हात घातला. अशा श्रावकांमध्ये आग्रा येथील कविवर बनारसीदास यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. नाटक समयसार हा त्यांचा ग्रंथ आजही अनेक जिनमंदिरांतील स्वाध्यायात वाचला जातो आणि अर्धकथानक हे त्यांचे आत्मचरित्र भारतीय भाषांतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक मानले जाते. धर्माच्या बाबतीत अंतिम प्रमाण कोणते, गुरूचे वचन, शास्त्राचे अक्षर की आत्म्याचा स्वानुभव, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याला जसा भिडला तसा क्वचितच कोणाच्या आयुष्याला भिडला असेल.

बनारसीदासांचा जन्म विक्रम संवत १६४३, म्हणजे इसवी सन १५८६-८७ मध्ये, माघ शुद्ध एकादशीस जौनपूर येथे श्रीमाळ जैन कुळात झाला. त्यांचे पूर्वज रोहतकजवळील बिहोली गावचे राजपूत होते व पुढे त्यांनी जैन धर्म स्वीकारला, अशी कुळाची परंपरा आहे. आजोबा मूलदास हे माळव्यातील नरवर येथे एका मोगल सरदाराचे मोदी होते. त्यांच्या निधनानंतर घरातील सर्व चीजवस्तू सरदाराने जप्त केली आणि आजीला लहानग्या खरगसेनाला घेऊन जौनपूरला माहेरी यावे लागले. हेच खरगसेन म्हणजे बनारसीदासांचे वडील. त्यांनी जौनपुरात जवाहिराच्या व्यापारात जम बसविला.

मुलाचे मूळ नाव विक्रमाजित. तो काही महिन्यांचा असता आईवडील त्याला घेऊन काशीस भगवान पार्श्वनाथांच्या दर्शनास गेले. तेथील पुजाऱ्याने ध्यानाचे सोंग आणून पार्श्वप्रभूंच्या यक्षाने दृष्टांत दिल्याचे सांगितले व प्रभूंच्या जन्मनगरीचे नाव या बालकास ठेवावे, म्हणजे तो दीर्घायुषी होईल, असे सुचविले. तेव्हापासून विक्रमाजिताचा बनारसीदास झाला. विशेष म्हणजे पुजाऱ्याचे ते कपट होते, असे बनारसीदासांनी पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने नमूद केले आहे. पुत्रप्राप्तीसाठी आईवडील रोहतकच्या सतीच्या यात्रेस निघाले असता वाटेत लुटले गेले, तरी त्यांची श्रद्धा कशी कमी झाली नाही, हेही त्यांनी किंचित मिस्कीलपणे लिहून ठेवले आहे. आपल्या घरातील श्रद्धा-अंधश्रद्धांकडे इतक्या निर्मळ नजरेने पाहणारा श्रावक त्या काळात विरळाच.

आठव्या वर्षी शिक्षणास आरंभ आणि अकराव्या वर्षी खैराबाद येथील मुलीशी विवाह झाला. सून घरात आली त्याच दिवशी घरातील वृद्ध आजी वारली आणि त्याच दिवशी बहीणही जन्मली. पुढे लवकरच जौनपूरचा नवाब किलीच खान याने शहरातील सर्व जवाहिऱ्यांना पकडून फटके मारविले. सुटका होताच जवाहिऱ्यांनी कुटुंबे घेऊन दाही दिशांना पळ काढला. या पळापळीच्या दिवसांत लहानग्या बनारसीने कवड्यांची खरेदी-विक्री करून पहिली कमाई केली व आजीने मोठ्या कौतुकाने त्या कमाईची मिठाई वाटली.

चौदाव्या वर्षी पंडित देवदत्तांकडे कोश, ज्योतिष, अलंकार यांचे अध्ययन झाले. खरतरगच्छाचे मुनी भानुचंद्र यांच्याकडून सामायिक, प्रतिक्रमण, स्तोत्रे यांचे शिक्षण मिळाले. बुद्धी तीव्र होती, पण मन विषयांकडे धावत होते. याच वयात त्यांनी नवरस नावाचा हजारभर पद्यांचा काव्यग्रंथ रचला. नाव नवरस असले तरी त्यात भर होता तो शृंगाराचाच. परिणामी शरीरास भयंकर व्याधी जडली. खैराबादला सासू व पत्नी यांनी किळस न करता शुश्रूषा केली आणि एका न्हाव्याच्या औषधोपचाराने ते बरे झाले.

त्यानंतर एका संन्याशाने त्यांना एक मंत्र दिला. वर्षभर गुप्तपणे जप केल्यास रोज दारात एक सुवर्णनाणे सापडेल, असे त्याने सांगितले होते. बनारसीदासांनी वर्षभर नेमाने जप केला. वर्ष सरले, नाणे काही सापडले नाही. पुढे एका जोग्याने एक शंख देऊन हाच सदाशिव म्हणून पूजण्यास सांगितले, तेव्हा तीही पूजा घरच्यांच्या नकळत सुरू झाली. काशीस पार्श्वनाथांच्या यात्रेला जातानाही तो शंख बरोबर होता! दुसऱ्याने सांगितले म्हणून धरले, असा हा काळ म्हणावा लागेल.

संवत १६६२, म्हणजे इसवी सन १६०५ मध्ये अकबर बादशहाच्या मृत्यूची वार्ता जौनपूरला पोहोचली. बनारसीदास त्या वेळी घराच्या जिन्यावर बसले होते. वार्ता ऐकताच त्यांना घेरी आली, ते पायऱ्यांवरून कोसळले व कपाळ फुटून रक्ताची धार लागली. शहरात हाहाकार उडाला. दुकाने बंद झाली, श्रीमंतांनी दागिने पुरून ठेवले, स्त्री-पुरुष जाडीभरडी वस्त्रे नेसून गरिबांसारखे वावरू लागले. दहा दिवसांनी आग्र्याहून जहांगीर तख्तावर बसल्याचे पत्र आले, तेव्हा कोठे व्यवहार सुरळीत झाले. जखम भरून आल्यावर बनारसीदासांच्या मनात विचार आला, की ज्याची इतके दिवस पूजा केली तो सदाशिव आपण पडलो तेव्हा धावून आला नाही. शंखाची पूजा त्या दिवसापासून संपली. त्यानंतर एके दिवशी मित्रांसह गोमती नदीच्या पुलावर बसले असता, कधीही न घडलेल्या प्रेमप्रसंगांची खोटी वर्णने आपण हजार पद्यांत केली, याची त्यांना खंत वाटली आणि नवरसाची पोथी त्यांनी नदीच्या प्रवाहात टाकून दिली. सुटी पाने पाण्यावर पसरत गेली आणि मित्र हळहळत राहिले.

यानंतर बनारसीदास कर्मठ श्रावक बनले. दर्शनाशिवाय अन्न घ्यायचे नाही, चौदा नियम, सामायिक, प्रतिक्रमण, व्रत, उपवास, सारे निष्ठेने चालू झाले. नगरात त्यांची वाहवा झाली. ही भक्ती ढोंगी नव्हती. मात्र ज्या आवेगाने पूर्वी शृंगार आणि नंतर शंख आला, त्याच आवेगाने ही क्रियाकांडेही आली, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढची घटना समजत नाही.

व्यापाराच्या बाबतीत मात्र कविवरांचे नशीब बेताचेच होते. संवत १६६७ मध्ये, चोविसाव्या वर्षी, वडिलांनी त्यांना काही जवाहीर, २० मण तूप, तेलाचे दोन बुधले आणि जौनपुरी कापड देऊन आग्र्यास धाडले. वाटेत इटाव्याजवळ मुसळधार पावसाने गाठले. सराईत जागा नाही, कोणी दारात उभे करीना. अखेर चौकीदाराच्या खोपटात आसरा मिळाला, तोही एका दांडग्या माणसाच्या खाटेखाली, गोणपाटावर. आग्र्यात तूप-तेलावर थोडासा नफा झाला, कापड तोट्यात गेले. काही रत्ने इजारीच्या नाडीत बांधली होती, ती नाडी तुटून वाटेत पडली, तर काही कपड्यात गुंडाळून ठेवली होती, ती उंदराने कपड्यासह पळविली. भांडवल पार बुडाले. हे वाचून आजच्याही व्यापाऱ्यास हसावे की रडावे ते कळणार नाही.

त्या दिवसांत एक कचोरीवाला त्यांना रोज उधारीवर कचोऱ्या देत असे. आपल्याजवळ दमडी नाही, पुढेही येईल असे दिसत नाही, हे बनारसीदासांनी त्याला प्रामाणिकपणे सांगून टाकले, तरी त्याने हिशेब मागितला नाही. सहा-सात महिन्यांत १४ रुपये बाकी झाली. रात्री बनारसीदास मधुमालती व मृगावती या काव्यांचे गायन करीत आणि दहा-वीस मंडळी ऐकायला जमत, त्यांत हा कचोरीवालाही असे. पुढे ही सर्व रक्कम त्यांनी फेडली. खैराबादला सासुरवाडीस गेले तेव्हा पत्नीने आपल्या गाठीचे २० रुपये पतीच्या हाती ठेवले आणि सासूने गुपचूप २०० रुपये दिले. त्या बळावर ते पुन्हा कापड घेऊन आग्र्याला निघाले. भागीदारी, जौनपूर-काशी-पाटण्याच्या फेऱ्या, साहुकाराच्या हवेलीत हिशेब मिटण्यासाठी महिनोन्‌महिने ताटकळणे, असे अनेक अनुभव त्यांनी घेतले. एकदा सोबत्यांसह रान चुकून ते चोरांच्या वस्तीत शिरले. तेथे संस्कृत श्लोक म्हणत, कपड्यातील सुताची जानवी करून आणि मातीचे टिळे लावून ब्राह्मण असल्याची बतावणी केली, म्हणून प्राण वाचले. संवत १६७३ मध्ये वडील वारले आणि त्याच वर्षी आग्र्यात गाठीच्या रोगाची साथ उसळली.

संवत १६८० हे वर्ष त्यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. अर्थमल नावाच्या एका अध्यात्मप्रेमी गृहस्थाशी त्यांचा परिचय झाला व त्यांनी पांडे राजमल्ल यांची बालबोध टीका त्यांच्या हाती दिली. भगवान कुंदकुंदाचार्यांचा समयसार हा मूळ प्राकृत ग्रंथ. त्यावर आचार्य अमृतचंद्रांनी आत्मख्याती ही संस्कृत टीका लिहिली आणि तीत जागोजागी कलश म्हणून ओळखले जाणारे श्लोक गुंफले. या कलशांचा अर्थ राजमल्लांनी सामान्य श्रावकास कळेल अशा ढूंढारी गद्यात उलगडून सांगितला होता. मंदिरावर कळस चढावा तसे हे श्लोक आणि कळसापर्यंत चढण्याची शिडी म्हणजे ही टीका.

समयसाराचा उपदेश निश्चयनयाचा आहे. आत्मा हा ज्ञाता-द्रष्टा आहे. देह, कर्म, राग, द्वेष हे त्याचे स्वरूप नाही. पाप ही लोखंडाची बेडी असेल तर पुण्य ही सोन्याची बेडी आहे, पण बेडी ती बेडीच. मोक्षमार्गाचा निर्वाळा बाहेरच्या कोणाकडून मिळायचा नसून स्वतःच्या अनुभवातूनच मिळायचा आहे. श्वेतांबर कुळात वाढलेल्या, आयुष्यभर दुसऱ्यांच्या सांगण्यावरून मंत्र, शंख आणि नियम धरलेल्या या व्यापाऱ्याला दिगंबर आचार्यांचा हा ग्रंथ वाचून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. तीस-पस्तीस वर्षे हिशेब दुसऱ्याच्या वहीत लिहिला जात होता आणि आता कळले, की मूळ वही आपल्याच घरात आहे.

परंतु शिकविणारा कोणी नव्हता. टीका पुन्हा पुन्हा वाचली गेली, मर्म मात्र हाती लागले नाही. क्रियेने मोक्ष नाही, इतके पटले, पण क्रिया सोडल्यानेही मोक्ष नाही, हे उमगले नाही. बनारसीदासांनी जप, तप, सामायिक, प्रतिक्रमण सारे सोडून दिले. इतकेच नव्हे, तर देवापुढे ठेवलेला नैवेद्यही ते खाऊ लागले. चंद्रभान, उदयकरण आणि थानमल हे तिघे मित्र त्यांच्या संगतीत होते. हे चौघे बंद खोलीत वस्त्रे उतरवून, आपण अपरिग्रही मुनी झालो असे म्हणत नाचत. एकमेकांच्या पगड्या ओढणे, जोडे मारणे असे खेळ चालत. लोकांनी बनारसीदासांना खोसरामती हे नाव ठेवले, श्रावकांनी आणि यतींनी निंदा केली. घरोघरी चर्चा झाली. बनारसीदासांनी यातील काहीही लपविलेले नाही. जणू दुसऱ्या कोणाचे वर्तन सांगावे तशा तटस्थपणे त्यांनी आपली ती अवस्था वर्णन केली आहे.

या अवस्थेला केवळ थट्टेचा विषय मानणे योग्य होणार नाही. ग्रंथ चुकीचा नव्हता, वाचणाराही अप्रामाणिक नव्हता. आत्मा सदा शुद्ध आहे, हे शास्त्राचे विधान त्यांनी खरे मानले आणि तसे वागायला गेले. परंतु शुद्ध असणे व शुद्धी प्रकट होणे यांतील अंतर त्यांच्या ध्यानी आले नव्हते. दुकानात माल येण्यापूर्वीच तो विकला गेल्याची नोंद करावी, तशातला हा प्रकार होता. तब्बल १२ वर्षे ही संभ्रमावस्था कमी-अधिक प्रमाणात राहिली. याही काळात लेखणी थांबली नव्हती. अनेक अध्यात्मपर रचना, तसेच मित्र कुंवरपाल यांच्यासमवेत केलेला सूक्तिमुक्तावलीचा पद्यानुवाद याच काळातला.

संवत १६९२ मध्ये पांडे रूपचंद हे विद्वान आग्र्यात आले व तिहुना साहूंच्या मंदिरात उतरले. तेथे अध्यात्मी मंडळींनी त्यांच्याकडून आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांचा गोम्मटसार वाचवून घेतला. गोम्मटसारात चौदा गुणस्थानांचे, म्हणजे आत्म्याच्या चढत्या पायऱ्यांचे विवेचन आहे. जीव ज्या पायरीवर असेल त्या पायरीला साजेशी क्रिया असतेच. चौथ्या पायरीवर उभे राहून तेराव्या पायरीची भाषा बोलता येत नाही आणि वरच्या पायरीवर गेल्यावर खालची क्रिया धरून बसण्याचेही कारण उरत नाही. हे ऐकताच बारा वर्षांची गाठ सुटली. निश्चय आणि व्यवहार हे एकमेकांचे वैरी नसून आपापल्या जागी दोन्ही खरे आहेत, हा स्याद्वाद बनारसीदासांना उमगला. रूपचंद त्यानंतर दोनच वर्षांनी स्वर्गवासी झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बनारसीदासांनी रूपचंदांचे ऋण मानले, पण स्वानुभवाचा मार्ग सोडून ते पुन्हा पूर्वीसारखे कर्मठ झाले नाहीत. प्रमाण आतच राहिले. गुरूने त्या आतल्या प्रमाणाला माप दिले, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

पुढच्याच वर्षी, संवत १६९३ च्या आश्विन शुद्ध त्रयोदशीस, शहाजहान बादशहाच्या राजवटीत, आग्र्यात नाटक समयसार पूर्ण झाला. इसवी सन होते १६३६. या ग्रंथाची पद्ये ७२७. अमृतचंद्रांच्या कलशांचा आधार असला तरी हे निव्वळ भाषांतर नाही. संसार ही रंगभूमी, जीव आणि अजीव हे त्यावरील पात्र, आस्रव-बंध-संवर हे वेष बदलून येणारे नट आणि आत्मा हा हे सारे पाहणारा ज्ञाता, ही कल्पना अमृतचंद्रांच्या टीकेत आहेच. बनारसीदासांनी तिला दोहे, चौपाई, सवैये, कवित्त अशा बोलीतील छंदांत असे काही रंगविले, की संस्कृत न जाणणाऱ्या श्रावकांच्या जिभेवर समयसार खेळू लागला. ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी चौदा गुणस्थानांचा एक स्वतंत्र अधिकार स्वतः होऊन जोडला. मूळ समयसारात तो नाही. ज्या ज्ञानावाचून आपली १२ वर्षे भरकटण्यात गेली, ते ज्ञान पुढच्या वाचकास त्याच पोथीत मिळावे, अशी यामागे योजना असावी.

ग्रंथरचनेच्या काळात रूपचंद, चतुर्भुज, भगवतीदास, कुंवरपाल व धर्मदास या पाच जाणकारांची नित्य बैठक असे, असा उल्लेख ग्रंथातच आहे. कोणी मठाधिपती नाही, कोणी गादीधारी नाही. व्यापारी श्रावकांनी दिवसभराचे व्यवहार आटोपून एकत्र बसावे आणि शास्त्र वाचून परस्परांना विचारावे, अशी ही मंडळी. अशा स्वाध्याय मंडळास पुढे सैली म्हणू लागले. आग्र्यापासून मुलतानपर्यंत आणि सांगानेर-जयपूरपर्यंत या सैली पसरल्या. जयपूरचे पंडित टोडरमल यांनी मुलतानच्या साधर्मी बंधूंना लिहिलेले संवत १८११ चे पत्र प्रसिद्धच आहे.

विरोधही कमी झाला नाही. श्वेतांबर परंपरेतील उपाध्याय यशोविजय आणि उपाध्याय मेघविजय या दोन दिग्गज विद्वानांनी या अध्यात्ममताचे खंडन करणारे ग्रंथ लिहिले. क्रिया व चारित्र्य यांचे महत्त्व कमी झाले, तर समाजाचा पायाच खचेल, ही त्यांची चिंता होती आणि ती निराधार म्हणता येणार नाही. बनारसीदासांचे स्वतःचे १२ वर्षांचे वर्तनच त्या चिंतेला पुरावा होते.

संसारात मात्र त्यांना सुख लाभले नाही. तीन विवाह झाले, सात मुलगे आणि दोन मुली अशी नऊ अपत्ये झाली आणि एकामागून एक सारी गेली. शेवटचा उरलेला मुलगा संवत १६९६ मध्ये गेला, तेव्हा समयसाराच्या या व्याख्यात्याला ते दुःख आवरणे कठीण झाले. दोन वर्षांनी, संवत १६९८ मध्ये, त्यांनी ६७५ पद्यांचे अर्धकथानक लिहिले. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे धरले तर ५५ वर्षांची ही अर्धी कथा, म्हणून हे नाव. शेवटी त्यांनी आपल्या गुणांबरोबर दोषांचीही यादी दिली आहे. लक्ष्मीचा लोभ फार, थोड्या लाभाने हर्ष व थोड्या हानीने शोक, जप-तपाची आवड नाही, सभेत रंगवून खोटे सांगण्याची खोड, एकांत मिळाला की नाचू लागण्याची सवय, अशी ती यादी आहे. आपल्या नावाचा पंथ व्हावा असे वाटणारा मनुष्य असे लिहीत नाही. त्यांची बादशहाशी मैत्री होती, गोस्वामी तुलसीदासांशी भेट झाली, अशा आख्यायिका पुढे सांगितल्या गेल्या, परंतु इतक्या बारीकसारीक गोष्टी नोंदविणाऱ्या आत्मचरित्रात त्यांचा मागमूसही नाही.

अर्धकथानकाची शास्त्रशुद्ध आवृत्ती मुंबईच्या हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालयाचे पंडित नाथूराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केली आणि जैन समाजाबाहेरील विद्वानांचेही लक्ष या ग्रंथाकडे वेधले गेले. मुकुंद लाठ यांचे इंग्रजी भाषांतर १९८१ मध्ये निघाले.

कथेचा दुसरा अर्धा भाग लिहावयाचा राहिला. संवत १७०० च्या फाल्गुनात बनारसीदासांनी कर्मप्रकृतिविधान ही रचना पूर्ण केली. कर्मांच्या मूळ आठ प्रकृती व त्यांचे उत्तरभेद यांचे व्यवहारनयाने केलेले हे साधे, शिस्तीचे वर्णन आहे. त्यानंतरची त्यांची एकही रचना उपलब्ध नाही. त्याच सुमारास, संवत १७०१ च्या चैत्रात, आग्र्याच्याच अध्यात्मी मंडळींपैकी जगजीवन यांनी त्यांच्या विखुरलेल्या लहान-मोठ्या रचना गोळा करून त्यांचा संग्रह सिद्ध केला आणि त्याला बनारसीविलास असे नाव दिले.